द्राक्षाचं मूळ गाव

मंडळी, विषय इटलीच्या वाइनचा आहे, पण दचकू नका! आपल्या कुवेतमध्ये दारूबंदी आहे, त्यामुळे हा लेख पेल्यापर्यंत जाणारच नाही. द्राक्षाच्या वेलीपाशीच थांबेल.

आपण जसं देवगडचा हापूस म्हणतो, तसं इटलीत वाइनला गावाच्या, नाहीतर मुलखाच्या नावानं ओळखतात. बारोलो हे पिएमोन्ते प्रांतातलं गाव, त्याचं द्राक्ष नेब्बिओलो. कियांती हा तोस्कानातला डोंगराळ टापू, त्याचं द्राक्ष सांजोव्हेजे. अशी शेकडो स्थानिक द्राक्षं तिथं आहेत, आणि ज्याला त्याला आपल्या द्राक्षाचा अभिमान!

पण थोडं खणलं की गंमत दिसते. दक्षिणेतल्या पुलिया प्रांताची शान म्हणजे प्रिमितिव्हो. डीएनए तपासणीत हे द्राक्ष समुद्रापलीकडच्या क्रोएशियातलं निघालं. शिवाय १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या. तेव्हापासून तिथल्या बहुतेक वेली अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या असतात. वर नेब्बिओलो, खाली अमेरिका!

आपल्याकडेही तेच. तासगावचं 'तास-ए-गणेश' हे द्राक्ष घ्या. थॉम्पसनच्या बागेतून निवड करून बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ही जात पुढं आणली. थॉम्पसन हे नाव पडलं कॅलिफोर्नियात, पण हे बिनबियांचं द्राक्ष मूळचं पश्चिम आशियातलं, म्हणजे आपल्या या शेजारातलंच! क्षारपड जमीन आणि कमी पाणी सोसावं म्हणून आपले बागायतदार त्याला 'डॉगरीज' या अमेरिकन खुंटावर बांधतात. इतका प्रवास करूनही नाव काय, तर तासगावच्या गणपतीचं.

आता तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजला तोस्कानाचं सांजोव्हेजेही रुजलं आहे. मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून तिथं बागा लावल्या, म्हणून कंपनीचं नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. इटलीतली वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप कुठली? म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते. नव्या मातीत वेल नुसती लावून भागत नाही, तिथल्या हवेप्रमाणे तिची निगाही वेगळी राखावी लागते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपली मुलं. सुट्टीत भारतात गेली की कुणीतरी विचारतंच, "काय रे, तू कुठला?" सातारा म्हणावं तर तिथं कधी राहिलेली नाहीत. कुवेत म्हणावं तर इथला मुक्काम इकाम्यापुरता. मग बिचारी आपल्या तोंडाकडे बघतात, आणि आपणही गप्प बसतो.

माझं म्हणणं एवढंच, की त्या गप्प बसण्यात मुलांना आपलं काहीतरी उणं आहे असं वाटू लागतं. ते वाटू देऊ नये. तास-ए-गणेशला तासगावचं कुणी ठरवलं? पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुक्कामानं नव्हे, तर जपणाऱ्या हातांनी आणि ठेवलेल्या नावानं. घरात मराठी बोलणं, आजोबांच्या गावाची हकिकत सांगणं ही आपली छाटणी. ती मात्र वेळच्या वेळी व्हायला हवी.

तेव्हा मार्चच्या सुमारास इथल्या बाजारात भारतातली द्राक्षं दिसली, की पोरांना घोस हातात देऊन त्याची ही वंशावळ जरूर सांगा.