गोमंतकातील शिंपल्यांची तावदाने

घराची परीक्षा त्याच्या दिवाणखान्यावरून करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु एखाद्या प्रांताची गृहरचना समजून घ्यावयाची असेल, तर खिडकीइतकी खरी साक्ष दुसरी कोणतीही वस्तू देत नाही. तेथील ऊन किती प्रखर आहे, शेजाऱ्याशी घरोबा कितपत आहे आणि घरातील स्त्रियांच्या वाट्यास उजेड किती येतो, हे सारे खिडकी व तिच्यावरील आडोसा मुकाट्याने सांगून जातात. या दृष्टीने गोमंतकातील जुनी घरे अवश्य पाहण्याजोगी आहेत.

पणजीतील फोंतेयन्हास हा भाग किंवा मडगावहून फार दूर नसलेली लोटली व चांदर ही गावे पायी हिंडून पाहावीत. गोमंतकात पोर्तुगीज अंमल १५१० पासून १९६१ पर्यंत होता आणि तेथील मोठमोठी घरे बहुतांशी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. उतरती कौलारू छपरे, दारापुढील बसावयाचे बाल्कांव आणि दर्शनी बाजूस खिडक्यांची लांबच लांब रांग, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. जुन्या खिडक्यांपैकी काहींस काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसविलेली दिसतात, हे पाहून प्रथमच जाणाऱ्या मनुष्यास मोठे नवल वाटते.

हा शिंपला खाड्यांच्या चिखलट तळाशी राहतो. जुवारी नदीच्या मुखाजवळ चिखली येथील खाडीत तो सापडतो. त्याची दोन्ही शकले जवळजवळ सपाट, पातळ व अर्धपारदर्शक असतात. ती कापून त्यांचे लहान लहान चौकोन करावयाचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खोबणींत एकाखाली एक सरकवावयाचे, अशी ही कृती. त्या काळी काच परदेशांतून आणावी लागे व ती महाग पडे. शिंपला मात्र दाराशीच मिळे. परंतु केवळ स्वस्ताईमुळेच तो लोकप्रिय झाला असे समजणे बरोबर होणार नाही. काचेतून ऊन जसेच्या तसे आत शिरते. शिंपल्यातून ते गाळून, दुधासारखे सौम्य होऊन येते. शिवाय बाहेरच्यास आतले दिसत नाही. प्रकाश हवा, झळाळी नको आणि परक्याची दृष्टीही नको, या तिन्ही गरजा एकाच वस्तूने भागतात. आज आपण खिडकीस पातळ पडदा लावतो तो याच तीन कारणांसाठी.

तथापि शिंपल्यातून वारा येत नाही, ही त्याची उणीव. म्हणून कित्येक ठिकाणी झिलमिलीची कवाडेही असतात. झिलमिलीच्या तिरप्या फळ्या पावसाचे पाणी बाहेर निथळू देतात व वाऱ्यास वाट देतात. जेथे वर्षास अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो, तेथे ही योजना किती शहाणपणाची आहे, हे निराळे सांगावयास नको.

हिंदू घरांची तऱ्हा याहून वेगळी. तेथे बाहेरच्या भिंतींतील खिडक्या लहान व बेताच्याच. सारा उजेड व वारा मधल्या राजांगणातून येतो. घर जणू आतल्या बाजूस तोंड करून बसलेले असते. आपल्या पुण्याकडील चौकाच्या वाड्यांशी याचे नाते उघड आहे.

येथे एक गोष्ट मनास टोचल्यावाचून राहत नाही. उत्तमोत्तम खिडक्या रस्त्याकडच्या दालनास, जेथे पाहुणे घटकाभर बसावयाचे. आणि ज्या स्वयंपाकघरात घरातील स्त्रियांचा निम्मा दिवस जावयाचा, ते मागील बाजूस, धुराने काळवंडलेले, एखाद्या झरोक्यावर भागविणारे. हा दोष एकट्या गोमंतकाचा नव्हे. आपल्या वाड्यांतही तो होताच. आज आपण सदनिकांत राहावयास आलो, तरी पडद्यांसाठी काढलेला पैसा प्रथम दिवाणखान्यावरच खर्च होतो, हे कोण नाकारील?

म्हणून खोल्यांची निवड तेथील माणसांवरून करावी. स्वयंपाकघरास लांब कापडी पडदा मुळीच नको. तो धूर व तेलकटपणा शोषतो आणि शेगडीजवळ धोक्याचाही असतो. तेथे खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकणारे, धुण्यास सोपे असे आखूड सुती कापड पुरे. वरून उजेड मोकळा येऊ द्यावा. वडीलधाऱ्यांच्या वाचनाची जागा शक्य तर उत्तरेच्या खिडकीपाशी असावी. तेथील प्रकाश दिवसभर सारखा राहतो व त्यास पातळ पडदाही क्वचितच लागतो. दक्षिणेचे ऊन उंचावरून येत असल्याने छज्जा ते बरेचसे अडवितो. पश्चिमेचे मात्र तिरपे होऊन छज्जाखालून आत घुसते. ते काचेच्या आतील जाड पडद्याने थांबत नाही, कारण उष्णता तोवर घरात आलेली असते. ते बाहेरच अडविले पाहिजे. त्यासाठी बांबूची चिक उत्तम. वाळ्याचे ओले ताटे नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात स्वर्गसुख देतात, परंतु मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांचा उपयोग अल्प.

राहिली नव्या सुनेची खोली. एकत्र कुटुंबात एकांत ही चैन नव्हे, गरज आहे. तेथे दुहेरी पडदा असावा: दिवसा पातळ, म्हणजे तिला बाहेरचे दिसावे पण बाहेरच्यास ती दिसू नये; आणि रात्रीसाठी जाड, कारण आत दिवा लागला की पातळ कापडाचा आडोसा नाहीसा होतो.

गोमंतक पाहून आल्यावर शिंपल्यांची तावदाने आपल्याही घरी असावीत असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु या शिंपल्याचा समावेश आता वन्यजीव संरक्षण कायद्याखालील प्राण्यांत झाला असून, खाडीतून ते उपसून आणणे उचित नाही. जुन्या घरांतील तावदाने जपावीत, पाहावीत. आपल्याकडे आणावयाची ती त्यांमागील दृष्टी. दुधी काच किंवा विरळ विणीची खादी तेच काम करू शकते.

पडद्याचे कापड घेण्यास बाजारात जाण्यापूर्वी गृहस्वामींनी प्रत्येक खोलीत सकाळी, दुपारी व सायंकाळी अर्धा अर्धा तास स्वतः बसून पाहावे, आणि त्याचा आरंभ स्वयंपाकघरापासून करावा. कोणत्या खिडकीस काय हवे, याचे उत्तर तेथेच मिळेल. आणि कदाचित पडद्याआधी एखादी खिडकीच मोठी करणे अगत्याचे आहे, असेही आढळून येईल.