बोयाला शिवलो

ओहोटी लागली होती. गेटवेसमोरच्या पाण्यात शेवटच्या बोयाला वळसा घालताना आमच्या एंटरप्राइझ बोटीची शिडाखालची बूम त्याला चाटून गेली. ना आवाज, ना धक्का. बोया जरासा डुलला, एवढंच. मागची बोट बरीच लांब, कुणी पाहिलंही नसावं. मी क्रूला म्हणालो, "दंडाची फेरी घेऊ." एक टॅक, एक जाइब, गिरकी पुरी होईतो दोन बोटी पुढे सटकल्या.

संध्याकाळी क्लबात मोबाइलवर रेसचा ट्रॅक बघताना माझा क्रू, कॉलेजातला पोरगा, म्हणाला, "सर, हे बघा, आपण बोयापासून तीन मीटर लांब दिसतोय. उगाच फिरलो!"

मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही ४-५ मीटर इकडेतिकडे होतो, आणि आमची बोट जेमतेम ४ मीटरची. शिवाय मोबाइल माझ्या लाइफजॅकेटच्या खिशात. बूमचं टोक कुठे होतं, हे त्याला कसं कळणार? पोराला हे पटलं. मला मात्र त्याचं ते 'दिसतोय' टोचत राहिलं. बूम लागली तेव्हा तोही बोटीतच होता की!

२०१३च्या अमेरिकाज कपला सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅन हनी यांच्या चमूने बोटींची जागा २ सेंटिमीटरपर्यंत अचूक दाखवली. पंच किनाऱ्यावर पडद्यासमोर बसून निकाल देत. तिथे पंच बोलेपर्यंत खेळत राहायचं, यात मला काही वावगं वाटत नाही. आमच्या रविवारच्या रेसला बोटींमागे फिरणारे पंच नसतात. नियम मोडला तर लगेच आपणहून दंड घ्या, प्रसंगी रेस सोडा, हे नियमपुस्तकात पहिल्या नियमाच्याही आधी छापलंय, ते आमच्यासारख्यांसाठीच.

तरी ट्रॅकरला नावं ठेवताना जीभ अडखळते. सतराव्या वर्षी मी क्लबातल्या एका बुजुर्गांविरुद्ध प्रोटेस्ट केला होता. मी स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वाट माझी. ते पोर्टवरून थेट नाळेसमोर आले आणि मलाच वळावं लागलं. सुनावणीत टेबलावरच्या खेळण्यातल्या बोटी त्यांनी इतक्या शांतपणे सरकवल्या की माझं मलाच खोटं वाटायला लागलं. माझं एका बोटीचं अंतर त्यांच्या हातून चार बोटींचं झालं. मी चाचरलो, प्रोटेस्ट फेटाळला गेला. खिशात तो पाच मीटरने चुकणारा मोबाइल असता, तर अंतर नाही, पण मी वळलो एवढं तरी उमटलं असतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला चहा पाजला, वर माझ्या स्टार्टचं कौतुक केलं. तेव्हा तो चहा कडू लागला. आता वाटतं, सुकाणूवर बसून त्यांना ते अंतर खरंच चार बोटींचं दिसलं असेल.