रोहिडा फुललाय

सम, जि. जैसलमेर
फाल्गुन

ती. बाबांस,


काल रात्री सुखरूप पोचलो. आज फटफटताच एका वाटाड्याबरोबर पायी निघालो. वाळूवर रात्रीची सगळी ये-जा उमटलेली होती: खोकडाची पावलं, उंदरांच्या उड्या, काळ्या भुंगेऱ्याची शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी सरळ ओळ. वारा सुटला की हे सगळं पुसलं जातं, म्हणून लवकर निघायचं.

इथल्या वसंतात पालवी शोधू नये. केराला, म्हणजे आपल्या नेपतीला, पानं जवळजवळ नसतातच. हिरव्या काड्याच पानांचं काम करतात आणि त्यांच्यावरच विटकरी फुलं लगडतात. रोहिडा तर भगव्या-पिवळ्या फुलांनी पेटलाय. एक पांढऱ्या गालांचा बुलबुल मान आत खुपसून मध पीत होता. बाहेर आला तेव्हा तोंडभर पराग.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो सांडा नावाच्या सरड्यापाशी. थंडीभर हा बिळात निजतो, बिळाचं तोंड आतून मातीने बुजवून. उन्हाची तिरीप आली तसं आधी डोकं, मग हळूहळू अर्धं अंग बाहेर. ऊन शोषायला सकाळी कातडी काळपट असते, तापला की फिकट होतो. शेपटीवर काट्यांची वलयं, आत चरबीचा साठा. खाणं गवत-पाल्याचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि याला मारून काढलेलं तेल आपल्याकडे फुटपाथवर विकतात! वाटाड्या शिंकला आणि स्वारी गडप.

सुदासरी
दुसरा दिवस

बाबा, माळढोक दिसला!

इथलं राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं. आत गावं, शेतं, मेंढरं सगळं आहे. सेवण गवतातून तो चालत होता, पांढरी मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, उंची मीटरभर. इथे त्याला गोडावण म्हणतात. नान्नजच्या माळावर तुम्ही पाहिलात तोच हा. आता देशात दीडशेच्याही आत उरलेत, असा अंदाज आहे. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे दोन बाजूंना, त्यामुळे समोरची वीजतार उशिरा दिसते, आणि एवढं जड धूड ऐनवेळी वळणार कसं? तारा लांबून दिसाव्यात म्हणून त्यांवर भिंगऱ्या टांगल्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये ते सैल केलं. या तारा ज्यांची वीज नेतात त्या पवनचक्क्या आणि सौर पॅनेल हवेतच, पण नेमक्या याच गवतावरून तारा कशाला, हे मला काही पटत नाही.

आईला सांगा, वाळवलेले केर, म्हणजे नेपतीची फळं, आणि सांगरी घेतलीय. सांगरी आपल्या शमीच्याच शेंगा. ओले केर मिठाच्या पाण्यात मुरवून कडूपणा काढतात. हे तयार आहेत, नुसते भिजवायचे. इथे ही भाजी दह्यातही करतात.

तुमचा,
बंडू