गर्भाची तिथी

सातमाशी मूल जगते, अठमाशी जगत नाही, असा समज आपल्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. न्यायालयात ज्यास ऐकीव पुरावा म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. निसर्गाचा हिशेब नेमका उलट आहे. गर्भाशयातला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांस बळ देत असतो.

फुप्फुसांतील वायुकोश आतून ओलसर असतात. ओल्या वस्त्राचे पदर जसे एकमेकांस चिकटतात, तसे तेही श्वास सोडताच मिटू पाहतात. त्यांना उघडे राखणारे एक स्निग्ध द्रव्य शरीर निर्माण करते; ते पुरेसे होण्यास साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळ अर्भकांस प्रत्येक श्वासासाठी झुंजावे लागते. मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ साली अमेरिकेत हे कारण उघड केले. तरीही १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा अकाली जन्मलेला पुत्र याच विकाराने दोन दिवसांत गेला. सत्ता आणि संपत्ती यांचे तेथे काही चालले नाही. पुढे १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी दाखवले की, प्रसूतीपूर्वी मातेस स्टेरॉइडची सुई दिल्यास बाळाचा हा त्रास कमी होतो.

औषध स्वस्त, मग ते खेडोपाडी सर्वत्र का देऊ नये? याचा शोध सहा देशांत घेण्यात आला, त्यांत आपल्याकडचे बेळगाव आणि नागपूर हे भाग होते. सुमारे एक लाख जन्म तपासले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निकाल विचारात पाडणारा होता. फार लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट जेथे औषधाचा प्रसार केला, तेथे एकंदर नवजात मृत्यू हजारी सुमारे २४ ऐवजी २७ झाले. ज्या मातांना औषध मिळाले, त्यांतील बहुतेकींची बाळे फार लहान निघालीच नाहीत.

दिवसांचा अंदाज म्हणजे काय, हे आम्हांस कामरेजला वकिली करताना नित्य दिसते. तापीकाठच्या या उसाच्या मुलखात तोडणीच्या हंगामात डांगातून व खानदेशातून कोयत्यांच्या जोड्या येतात. प्रतिज्ञापत्रासाठी एखाद्या बाईस मुलाची जन्मतारीख विचारली, तर उत्तर मिळते, “तोड सुरू झाली तेव्हाचा.” पोटातल्या बाळाचे दिवसही असेच, होळी-दिवाळीच्या खुणांनी मोजलेले. त्या माउलीचा यात काय दोष? तिला तारीख विचारणारे वेळेवर कोणी भेटलेलेच नसते.

पहिला निकाल लागला म्हणून प्रकरण मिटले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा परीक्षा मांडली; या वेळी भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत. गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवलेले, आणि नवजाताच्या शुश्रूषेची सोय हाताशी. निम्म्या मातांना डेक्सामेथासोन, निम्म्यांना दिसण्यात तशीच पण औषधाविना सुई. हे वाचताना आमच्यातील वकील अस्वस्थ झाला. कळा सोसणाऱ्या स्त्रीची संमती कितपत स्वतंत्र? तथापि आधीच्या निकालाने शंका खरोखरच उभी केली होती. शंका असता औषध सरसकट देत राहणे हाही न्याय नव्हे. लाभ स्पष्ट होताच देखरेख समितीच्या सल्ल्याने परीक्षा मुदतीपूर्वी थांबवली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, नवजात मृत्यू औषधाविना शेकडा २३.५, तर औषधाने १९.६.

दोन्ही निकाल परस्परविरोधी नाहीत. कायद्याचे एकच कलम एका खटल्यात लागू पडते, दुसऱ्यात पडत नाही. निर्णय वस्तुस्थितीवर असतो. येथील पहिली वस्तुस्थिती म्हणजे गर्भाचे वय. ते ठाऊक हवे, प्रसूती खरोखर जवळ आलेली हवी, मातेस जंतुसंसर्ग नसावा आणि बाळास सांभाळणारे रुग्णालय हवे.

आपण पंचांग जपणारी माणसे. मूल जन्मले की घटका-पळे नोंदवून पत्रिका मांडतो. परंतु त्याआधीची, मातेच्या शेवटच्या पाळीची तारीख क्वचितच कोणी लिहून ठेवतो. आणि पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी पुष्कळदा राहून जाते. आपल्या घरची सून असो वा आपल्या शेतात ऊस तोडणारी बाई, ही एक तिथी वेळीच कागदावर आली, तर कित्येक पत्रिका मांडण्याचा योग पुढे येईल.