बेटं नंतर, आधी डोंगर!

सँटोरिनीचे फोटो तर सगळेच टाकतात. पण कोचच्या खिडकीशी बसून, गाइडच्या मागे मागे चालत ग्रीसच्या जुन्या गावांतून आणि डोंगरांतून आठ दिवस फिरलं तर?

ग्रीस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, मावळता सूर्य आणि त्याच्यासमोर पाठमोरं उभं असलेलं कुणीतरी. बरोबर ना? आता एक आकडा ऐका. ग्रीसचा जवळपास 80 टक्के भाग डोंगराळ आहे. म्हणजे आपण बघतो तो नुसता ट्रेलर, खरा पिक्चर वर डोंगरात चालू आहे!

हा पिक्चर मी चक्क ग्रुप टूरने बघितला. मित्रमंडळींनी व्हायची ती टिंगल केलीच. 'ग्रुप टूर? म्हणजे चिवडा, अंताक्षरी आणि गुडघ्याला बाम?' तर मंडळी, चिवडा होता. अंताक्षरीही झाली. बामचा वास तर तिसऱ्या दिवसापासून आख्ख्या कोचला येत होता. 28 जणांत तिशीच्या आतले आम्ही फक्त चौघं. तरीही सांगते, बेटांवर एकटं फिरा, जोडीनं फिरा, काहीही करा. पण या भागासाठी कोच आणि गाइड हे कॉम्बिनेशन झक्कास आहे. इथे रेल्वेचं जाळं विरळ, घाटातले रस्ते वळणावळणाचे. आणि तिथले अवशेष समजावून सांगणारं कुणी नसेल तर तीन हजार वर्षांपूर्वीचा दगड आणि आपल्या सोसायटीच्या गेटजवळचा दगड यात फारसा फरक वाटत नाही. ग्रीसमध्ये गाइड व्हायला रीतसर शिक्षण आणि लायसन्स लागतं. त्यामुळे आमची गाइड गोष्टी सांगायची, पण बाता मारायची नाही.

दगड बोलतात, ऐकणारा हवा

अथेन्स सोडल्यावर तासाभरात कोरिंथचा कालवा येतो. साधारण सव्वासहा किलोमीटर लांब, जेमतेम पंचवीस मीटर रुंद. दोन्ही बाजूंना सरळसोट कापलेला कडा आणि खाली निळ्या पाण्याची रेघ. हा कालवा खणायचा घाट रोमन सम्राट नीरोने इसवी सन 67 मध्ये घातला होता. काम पूर्ण झालं 1893 मध्ये. आपल्याकडचे रखडलेले फ्लायओव्हर आठवून कोचमधल्या एका काकांना भलतंच बरं वाटलं.

पुढे मायसिनी. इथला सिंहद्वार इ. स. पूर्व 1250 च्या आसपासचा. दारावर समोरासमोर उभ्या दोन सिंहिणी, त्यांची डोकी मात्र गायब. 1876 मध्ये हाइनरिश श्लिमान या जर्मन माणसाने इथे खणलं आणि सोन्याचा मुखवटा सापडल्यावर हाच ट्रोजन युद्धातला राजा अगामेम्नॉन असं ठरवून टाकलं. मुखवटा त्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून तीनेकशे वर्षं जुना निघाला. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तो आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

एपिडॉरसचं खुलं नाट्यगृह म्हणजे तर कळस. 55 रांगा, सुमारे 14 हजार प्रेक्षक मावतील एवढी जागा. खाली मधोमध नाणं टाकलं तर शेवटच्या रांगेत ऐकू येतं, अशी ख्याती. 2017 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी मोजमापं घेऊन ही ख्याती जरा फुगवलेली असल्याचं दाखवलं. आमच्या गाइडने हेही प्रामाणिकपणे सांगितलं आणि मग म्हणाली, "आता तुमच्यापैकी कुणीतरी बोला." ग्रुपमध्ये संस्कृत शिकवून रिटायर झालेल्या एक बाई होत्या. त्या खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात म्हणत असतील तशा आवाजात विभक्तीची रूपं म्हणायला लागल्या. देवः देवौ देवाः! वरच्या रांगेत बसलेल्या आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. पलीकडचा फ्रेंच ग्रुप टाळ्या वाजवत उठला. बाई लाजल्या आणि म्हणाल्या, "अगं, शाळेचा हॉल कुठे असा होता!"

त्या रात्रीचा मुक्काम नाफ्प्लिओला. आधुनिक ग्रीसची ही पहिली राजधानी. 1834 मध्ये तो मान अथेन्सला गेला. अरुंद गल्ल्या, बोगनवेल, समोर समुद्रात उभा छोटासा बुर्झी किल्ला आणि डोक्यावर पालामिदी. व्हेनिसवाल्यांनी 1714 पर्यंत घाम गाळून पालामिदी बांधला आणि पुढच्याच वर्षी तो तुर्कांनी घेतला! वर जायला 999 पायऱ्या अशी गावाची समजूत. आम्ही चौघं पहाटे चढलो. मोजणी मध्येच चुकली, पण समुद्रावरचा सूर्योदय चुकला नाही.

गाव उठलं, देव सापडले

ऑलिंपियात प्राचीन स्टेडियमची धावपट्टी आहे, 192 मीटरची. खेळांची परंपरा इ. स. पूर्व 776 पासूनची मानतात. तिथे पोहोचल्यावर प्रत्येक ग्रुप धावतोच. आमचा तरी कसा मागे राहील? पहिला नंबर एका निवृत्त बँक मॅनेजरांनी काढला, ही आम्हा तरुण मंडळींसाठी फारशी भूषणावह गोष्ट नाही.

उत्तरेकडे जाताना रिओ-अँटिरिओचा पूल लागतो. 2,880 मीटर लांब, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर खुला झालेला. पुलापलीकडे डोंगर अंगावर यायला लागतात आणि पार्नासस पर्वताच्या उतारावर डेल्फी दिसतं.

पुराणकथा सांगते की झ्यूसने पृथ्वीच्या दोन टोकांहून दोन गरुड सोडले आणि ते इथे भेटले. म्हणून डेल्फी ही जगाची नाभी. युद्ध करू का, वसाहत वसवू का, असं विचारायला राजे इथे यायचे आणि पिथिया नावाची पुजारीण कौल द्यायची. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसाच प्रकार. पण मला धक्का दिला तो वेगळ्याच गोष्टीने. 1890 च्या दशकात फ्रेंचांनी उत्खनन सुरू केलं तेव्हा या अवशेषांवर कास्त्री नावाचं अख्खं गाव वसलेलं होतं. ते उठवून थोड्या अंतरावर पुन्हा वसवलं. आज आपण ज्या डेल्फी गावात कॉफी पितो ते हेच. आपण धरणांसाठी गावं उठवली, यांनी इतिहासासाठी. उठणाऱ्याला दोन्हीकडे सामान सारखंच बांधावं लागलं असणार.

इथे एक प्रॅक्टिकल गोष्ट. बहुतेक लोक डेल्फी अथेन्सहून एका दिवसात करून परततात. आम्ही मुक्काम केला. संध्याकाळी कोच निघून गेले आणि गाव पुन्हा गावासारखं झालं. खाली ऑलिव्हच्या झाडांचा समुद्र, त्यापुढे खरा समुद्र. दुकानदार खुर्च्या बाहेर टाकून बसले. एका आजोबांनी बाईंच्या साडीकडे बोट दाखवून विचारलं, "इंडिया?" बाई म्हणाल्या, "येस." आजोबा म्हणाले, "ने, ने!" बाई गोंधळल्या. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो', हे आम्हाला मग कळलं. 'नाही'साठी त्यांचा शब्द आहे 'ओही'.

आकाशातले शेजारी

मेटेओराचं काय वर्णन करू? सपाट मैदानातून अचानक उठलेले प्रचंड सुळके आणि त्यांच्या टोकांवर मठ. नावाचा अर्थच 'हवेत अधांतरी'. चौदाव्या शतकापासून साधूंनी इथे मठ बांधले. एके काळी दोन डझन होते, आता 6 चालू आहेत. वर जायला शिड्या आणि दोराला बांधलेली जाळी. दोर कधी बदलता, या प्रश्नाला साधू म्हणे उत्तर द्यायचे, "देव तोडेल तेव्हा." कातळात पायऱ्या कोरल्या गेल्या त्या 1920 च्या दशकात. 1981 च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'मध्ये जेम्स बाँड इथेच चढला होता.

बायकांना इथे पँट घालून आत जाता येत नाही. दारात गुंडाळायला कापड मिळतं. जीन्सवाल्या आम्ही मुली फुलाफुलांची लुंगी नेसल्यासारख्या दिसत होतो आणि सहावारीतल्या बाई ऐटीत पुढे! तीनशेच्या वर पायऱ्या त्या कठड्याला धरून, थांबत थांबत चढल्या. त्यांच्यासाठी अख्खा ग्रुप दर वळणावर थांबला आणि कुणी घड्याळ बघितलं नाही. एकटी आले असते तर मी ते मठ निम्म्या वेळात उरकले असते. पण वळणावरून खाली दिसणारं कालाबाका गाव एवढा वेळ बघितलं नसतं.

जेवणाचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न. शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करा: 'निस्तीसिमो'. म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे भाताने भरलेल्या टोमॅटो-मिरच्या, मोठ्या पांढऱ्या वालासारखे 'गिगांतेस', द्राक्षाच्या पानातले 'डोल्माडाकिया' असं बरंच काही मिळतं. फक्त जपून, त्यांच्या उपवासाला कोळंबी चालते. एकादशी अन् दुप्पट खाशी!

मनीऑर्डरीची गावं

पिंडस पर्वतरांगेत, अकराशे मीटरहून उंचावर मेत्सोवो आहे. दगडी घरं, धुरावलेलं चीज आणि व्लाख भाषा बोलणारी जुनी माणसं. 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी अथेन्सचं संगमरवरी स्टेडियम ज्याच्या पैशातून उभं राहिलं, तो व्यापारी गेओर्गिओस आवेरोफ इथला. त्याने पैसा कमावला इजिप्तमध्ये, खर्च केला मायदेशात.

तिथून योआनिना. आणि इथे आमची गाडी अडली. शेवटच्या सकाळी दोन पर्याय होते. झागोरीची गावं, नाहीतर थेट अथेन्स आणि शॉपिंग. टूर मॅनेजरने हात वर करायला सांगितले. तेरा विरुद्ध तेरा! दोघांचं ठरत नव्हतं. गाइड पहिल्यांदाच आपल्याबद्दल बोलली. झागोरीत तिच्या आजीचं घर आहे. 2010 मध्ये देशावर कर्जाचं संकट कोसळलं, 2013 मध्ये निम्म्याहून जास्त तरुण बेकार होते, तेव्हा तिचा भाऊ जर्मनीला गेला. आता घर फक्त ऑगस्टमध्ये उघडतं. "तुम्ही आलात तर बरं वाटेल, नाही आलात तरी समजेन," एवढंच म्हणाली. बाई उठल्या. "अथेन्सला मॅग्नेट विमानतळावरही मिळतील. पूल बघायला तिथेच जावं लागतं." त्या न ठरलेल्या दोघांचे हात वर गेले.

झागोरीत 46 गावं आहेत. 2023 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तुर्की अमलातही या भागाला बरीच स्वायत्तता होती. पुरुष कॉन्स्टँटिनोपल, बुखारेस्टला पोटापाण्यासाठी जायचे आणि तिथून पैसे पाठवायचे. त्या पैशातून शाळा उभ्या राहिल्या, ओढ्यांवर दगडी कमानींचे पूल उभे राहिले. 1750 चा कोक्कोरिस पूल दोन कड्यांच्या मध्ये असा काही ताणलेला आहे की त्यावर पाऊल टाकताना आपोआप आवाज खाली येतो.

आमच्यातले रत्नागिरीचे काका पुलावर बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "हे तर आमचंच. मुंबईची मनीऑर्डर आणि गावाला कुलूप." गाइडला त्याचा अर्थ सांगितला, तर तिने विचारलं, "मग तुमच्याकडे घरं कधी उघडतात?" काका म्हणाले, "गणपतीला." इथे 15 ऑगस्टला मारियामातेचा सण असतो. गावच्या चौकात क्लॅरिनेट वाजतं, अथेन्स-जर्मनीहून माणसं येतात, हात धरून फेर धरतात आणि आठवड्याभरात परत जातात.

पुढे विकोसच्या दरीच्या काठावर उभे राहिलो. शेकडो मीटर खोल कडा, खाली नदी, वर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी. मोनोदेंद्री गावात छोट्या टपरीवर एका पोरीने पाय दिला, म्हणजे भाजीची पातळ ग्रीक पाय. सव्विशीची असेल. अथेन्समधली नोकरी सोडून परत आलेली. हिवाळ्यात कसं चालतं असं विचारल्यावर खांदे उडवले आणि बोट दाखवलं ते समोरच्या गेस्टहाउसकडे. लोक राहिले तर चालतं, नुसते फोटो काढून गेले तर नाही.

जाताय ना? मग हे वाचा

• टूर बुक करताना 'किती ठिकाणं' हे विचारू नका, 'रात्रीचा मुक्काम कुठे' हे विचारा. डेल्फी, नाफ्प्लिओ, मेत्सोवो किंवा झागोरीत मुक्काम असेल तर पैसा वसूल. तुमचेही आणि त्या गावाचेही.

• ग्रीस शेंगेनमध्ये आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्टी सँक्शन झाली की त्याच दिवशी कामाला लागा.

• एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये अवशेषांवर सावली शोधावी लागते.

• मेटेओराचे मठ वेगवेगळ्या वारी बंद असतात. आपल्या दिवशी कुठले उघडे आहेत ते आधी बघा.

• युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते. तेव्हा 'जरा आणखी पुढे घ्या ना' हा आग्रह चालत नाही. त्या पाऊण तासात फ्रापे मागवा. फेसाळ गार कॉफी, 1957 मध्ये थेस्सालोनिकीत जन्मलेली.

• आणि घाई सुटली तर ग्रीक लोक काय म्हणतात ते लक्षात ठेवा. 'सिगा, सिगा.' म्हणजे हळूहळू. सोमवारी ऑफिसात म्हणून बघा, बॉसला ग्रीक येत नसेल तर!