इतर हक्क

फौजेतल्या माणसानं घर घेतलं की त्याचं कुलूप पहिल्यांदा दुसरंच कुणीतरी उघडतं. साताऱ्यातल्या माझ्या फ्लॅटचं कुलूप माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं उघडलं. मी तेव्हा जम्मूच्या पुढे एका चौकीवर होतो. किल्ली मिळाल्याचं तिचं आंतर्देशीय 56 एपीओच्या पत्त्यावर पोचेपर्यंत ती नारळ फोडून, उंबऱ्याला हळदकुंकू वाहून, दोन्ही खोल्या झाडून मोकळीही झाली होती. कागदावर मालक मी. पण त्या एकेका कागदामागे कोण उभं राहिलं ते मला ठाऊक आहे, आणि ते माझ्याबरोबर निघून जाऊ नये.

पहिले सुभेदार साहेब. आमच्याच पलटणीतले, गाव अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात ज्या एका गावातली 46 माणसं कामी आली, ते हे गाव. 1997 साली रजेवर येताना झेलम एक्स्प्रेसमध्ये त्यांची आणि माझी बाकं समोरासमोर आली. मी नाईक, ते पेन्शनला टेकलेले. जम्मू तावी ते पुणे दोन रात्री एकमेकांसमोर काढायच्या म्हटल्यावर हुद्द्याचं अंतर जरा सैल होतं. भुसावळच्या आसपास त्यांनी विचारलं, ‘‘पेन्शनला निघशील तेव्हा पोरगा कितवीत असेल?’’ मी हिशेब केला. दहावी-अकरावी. ‘‘म्हणजे पगार निम्मा होणार आणि खर्च दुप्पट. त्या महिन्याला तुझ्या हातात दुसरं काय येणार आहे?’’

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे जवान पैसे साठवतो ते दोन गोष्टींसाठी, रान घ्यायला नाहीतर गावात बंगला बांधायला. बंगला बांधतो आणि त्याला कुलूप लावून परत युनिटला जातो. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. शहरात लहानसं घर घे, भाड्यानं दे, भाड्याचा हप्त्याला हातभार लागू दे. पेन्शनला येशील तेव्हा त्यात राहायचं की भाडं खायचं हे तुझं तू ठरव. गावोगाव बंद पडलेले बंगले बघतो तेव्हा आजही वाटतं, प्रत्येक जवानाला अशी एक झेलम मिळायला हवी.

पैशाचं पुढं जमत गेलं. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी आली, फंडातली रक्कम बेळगावच्या पे ऑफिसातून मंजूर होऊन आली, उरलेलं बँकेचं कर्ज. त्या काळी गृहकर्जाचं व्याज ऐकून घरातली वडीलधारी माणसं कपाळाला हात लावत. फ्लॅट 3 लाखांच्या आतला, तरी ‘दर महिन्याला बँकेचं देणं’ हे शब्द आमच्या घरात त्याआधी कुणी उच्चारले नव्हते.

त्याआधी मेहुण्यांनी हायवेलगत गुंठ्यावर एक जागा बघून ठेवली होती. स्वस्त होती, आणि मला ती आवडलीही होती. साहेब तोवर निवृत्त होऊन गावी आले होते. मी सातबारा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मालकाचं नाव वाचलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी उजवीकडचा ‘इतर हक्क’ हा रकाना बोटानं ओळीओळीनं उतरत वाचला. एका सोसायटीचा बोजा होता, एका बहिणीचं नाव होतं आणि एक फेरफार अजून मंजूर व्हायचा होता. ‘‘मालक कोण ते सगळेच वाचतात. अजून कोण कोण आहे ते हितं लिहिलेलं असतं.’’ त्यांच्या स्वतःच्या जमिनीचा दावा ते सीमेवर असताना वर्षानुवर्षं चालला होता. प्रत्येक रजा त्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात घालवली होती, आणि तिथं जे शिकले ते त्यांनी मला एका दुपारी फुकट देऊन टाकलं.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याजवळची ती इमारत त्यांनीच आधी पाहिली. बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, वकिलाचा सर्च रिपोर्ट, सगळं स्वतः जाऊन तपासलं. बिल्डरला मोठी रक्कम हवी होती. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही हे 1963 च्या फ्लॅट कायद्यातलं कलम त्यांनी त्याच्यासमोर बसून शांतपणे सांगितलं. मी नुसता शेजारी बसून होतो.

रजा संपत आली आणि व्यवहार निम्म्यावर. म्हणून दुय्यम निबंधकांसमोर आक्काच्या नावानं कुलमुखत्यारपत्र केलं. आक्का सातवी शिकलेली. बँकेत जाऊन आलेली, पण सरकारी कचेरीत आपल्या नावानं काही होतंय हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. सही करण्याआधी तिनं लुगड्याच्या पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तू नसताना मी सही केली तर ती तुझी धरतील?’’ मी हो म्हटलं. त्यावर तिनं जी सही केली तिची अक्षरं आजही त्या कागदावर एकमेकांपासून फटकून उभी आहेत. पुढं बँकेचा प्रत्येक हप्ता, घरपट्टी, वीजमंडळाचा मीटर, सगळीकडे तीच अक्षरं गेली. तिचं स्वतःचं घर, शेणघाण, दोन म्हशी सांभाळून ती एसटीनं साताऱ्याला यायची, आणि तिकिटाचे पैसे तिनं माझ्याकडून कधी घेतले नाहीत.

आता भाडेकरू. घरमालक आणि भाडेकरू हे शब्द जुन्या पुण्या-मुंबईच्या दाव्यांमुळं इतके नासले आहेत की घर भाड्यानं द्यायचं म्हटल्यावर जो तो मला घाबरवायचा. एकदा बसला की उठत नाही. तू तिकडं, तो इकडं, घर गेलंच समज. सुभेदार साहेबांनी यावरही तोडगा दिला, ‘‘डिपॉझिट बघू नको. बदलीची नोकरी असलेला बघ. त्याला घर सोडायची सवय असते.’’

1999 च्या जूनमध्ये, शाळा सुरू होताना, रयत शिक्षण संस्थेच्या एका शाळेतल्या बाई घर बघायला आल्या. बरोबर त्यांची आई आणि दोन लहान मुलं. घरात कर्ता पुरुष नाही म्हणून त्यांना दोन ठिकाणी नकार मिळाला होता. आक्कानं त्यांना चहा दिला आणि किल्ली दिली. कुठलीही चौकशी न करता तिनं हे कसं ठरवलं असं मी पुढं विचारलं, तर म्हणाली, ‘‘त्यांनी आधी मोरी बघितली. जी बाई आधी मोरी बघती ती घर राखती.’’

बाई दर महिन्याला मला एक पोस्टकार्ड लिहायच्या. भाडं आक्काच्या हाती पोचलेलं असायचंच, तरीही. एक कार्ड माझ्याजवळ अजून आहे: ‘रा. भाऊ यांस स. न. वि. वि. या महिन्याचे भाडे आक्कांकडे पोच केले. मोरीतल्या नळाची चावी बदलली, 45 रुपये लागले, पावती ठेवली आहे. आपण म्हणाल तरच वजा करीन. गॅलरीच्या भिंतीला ओल दिसते, पावसाळ्यापूर्वी बघावे लागेल. आपली प्रकृती जपावी.’ चौकीवर डाक आली की मी घरच्या पत्राइतक्याच ओढीनं ते कार्ड वाचायचो. मी कधीही न राहिलेल्या घराची मला अशी ओळख होत गेली. कोणत्या खिडकीतून किल्ला दिसतो, कोणत्या कोपऱ्यात मुंग्या येतात, हे सगळं मला बाईंच्या अक्षरातून कळलं.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि सीमेवर फौजा लागल्या. ऑपरेशन पराक्रम. आम्ही राजस्थानच्या वाळूत. रजा जवळजवळ थांबल्या. त्याच सुमारास भाडेकराराची 11 महिन्यांची मुदत संपली. तोवर आक्का स्टॅम्पपेपरवर नवा करार करून ठेवायची, गावोगाव तेच चालायचं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला होता आणि त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं झालं होतं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य.

हे मला कुणी सांगितलं? बाईंनी. एरवी पोस्टकार्डात मावणाऱ्या बाईंनी त्या वेळी चार पानी पत्र लिहिलं. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या वकील भावाकडून त्यांना हे समजलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की हा कागद असाच राहिला तर उद्या माझा शब्द तुमच्या शब्दाहून वजनदार ठरेल, आणि तसं घर मला नको आहे. कुणी जाऊ द्या म्हणालं तरी मला रात्री झोप लागायची नाही.

मग त्यांनी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आक्काला एसटी स्टँडवरून घेतलं आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेलं. मसुदा बाईंनी आणलेला. मुदत संपल्यावर घर रिकामं करून देण्याचं कलम त्यांनी स्वतः त्यात घालून घेतलं होतं. भाडेकरणीनं मालकाची बाजू भक्कम करून दिली, आणि मालक वाळवंटात खंदकाशेजारी बसून ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होता. आयुष्यात माझ्यावर अनेकांनी उपकार केले, पण स्वतःचा हक्क स्वतःच्या हातानं कमी करून केलेला उपकार तो एकच.

2005 ला मुलांच्या शाळेसाठी कुटुंब साताऱ्यात आणायचं ठरलं. घर हवं होतं. साहेबांनी आठवण करून दिली की त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 23 सैनिकासाठी आहे. हा माणूस फौजेत आहे आणि या भागात त्याला राहायला दुसरी योग्य जागा नाही असं कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र असेल, तर स्वतःच्या राहण्यासाठी घराचा ताबा मागता येतो. कायद्यानं जवानाचा एवढा विचार केला आहे हे प्रत्येक जवानाला माहीत असायला हवं. मला ते प्रमाणपत्र मागावं लागलं नाही. बाईंना पत्र टाकलं, आणि मे महिन्याच्या सुट्टीतच त्यांनी आणखी आतल्या पेठेत, आमच्यापेक्षा लहान जागा बघून सामान हलवलं. जाताना भिंतींना चुना लावून घेतला. त्याचे पैसे आक्कानं पुढं केले तर बाईंच्या आईनं आक्काचा हात धरून तो परत तिच्या पिशवीत घातला.

सुभेदार साहेब आता नाहीत. आक्का आहे, गुडघे कुरकुरतात, एसटी सोडली आहे. मी 2009 ला हवालदार म्हणून पेन्शनला आलो, मुलं कामाला लागली, आम्ही दोघं गावी परतलो आणि फ्लॅट पुन्हा भाड्यानं जाऊ लागला. करार आता ऑनलाइन होतो, मशीनवर अंगठा ठेवायचा की झालं. तरी नव्या कराराचा मसुदा मी आधी बाईंकडे पाठवतो. त्या निवृत्त होऊन कऱ्हाडला लेकीजवळ असतात.

मागच्या वेळी वकिलांनी अट घातली होती, मालकाला गरज पडल्यास 15 दिवसांच्या सूचनेवर जागा सोडावी. घर घेणाऱ्या जोडप्याची मुलगी आठवीत होती. मसुदा कऱ्हाडहून परत आला तो 15 वर लाल शाईनं काट मारून. समासात बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘शाळेचे वर्ष सुरू असल्यास वार्षिक परीक्षा संपेपर्यंत.’ असं कलम कुणी घालत नाही, असं वकील म्हणाले. मी घालायला लावलं, आणि त्यानंतरच्या करारांतही ते तसंच ठेवलं आहे.