बेलाच्या पानाचा रुपया

शिरपूरच्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक जुना चांदीचा रुपया असतो. त्यावर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. "हाऊ महादेवना रुपया शे," असे आजी सांगे. आणि महादेवाचा तो आपलाच, असे आम्ही धरून चाललो होतो. फारसी अक्षरे आमच्या लेखी निव्वळ नक्षी होती.

काही वर्षांपूर्वी उर्दूच्या एका निवृत्त शिक्षकांनी ती नक्षी वाचून दाखवली : शाह आलम बादशाह. आम्ही हिरमुसलो, हे कबूल केले पाहिजे. अहिल्याबाईंच्या महेश्वरी टांकसाळीच्या घडणीचा रुपया, आणि त्यावर नाव दिल्लीच्या परावलंबी बादशहाचे!

पुढे कळले की त्या काळी असेच चाले. पेशव्यांचे रुपयेही बादशहाच्याच नावाने पडत. खरी सत्ता बोले ती लहानशा खुणेतून : पेशव्यांचा अंकुश, इंदूरचा सूर्य, महेश्वरचे बेलपत्र. १८०६ मध्ये यशवंतराव होळकरांनी चक्क संस्कृत लेखाचा रुपया पाडला. त्यातही इंद्रप्रस्थाच्या चक्रवर्तीची कृपा मान्य केली आहेच. शाह आलम त्याच वर्षी वारला, तरी कंपनी सरकार १८३५ पर्यंत त्याच्या नावाचे रुपये पाडीत राहिले. उघडपणे बोलले ते तांबे. शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', तेही देवनागरीत.

आमच्याच तालुक्यातले तापीकाठचे थाळनेर होळकरांचे. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने ते कागदावर कंपनीचे झाले. किल्लेदाराने मात्र तोफा डागल्या. २७ फेब्रुवारीला किल्ला पडला आणि त्याला फाशी देण्यात आली. त्या शिबंदीचा पगार अशाच रुपयांत होत असेल. ती माणसे लढली कोणासाठी? नाण्यावरच्या बादशहासाठी खचितच नव्हे. नाव एकाचे आणि निष्ठा दुसऱ्याची, हे त्यांना उमजत होते. नाण्याकडून एकच सरळ उत्तर मागणारे आम्हीच निघालो.

गेल्या दिवाळीत रुपया दुधाने धुताना भाच्याने विचारले, "हा कोणाचा?" आजीचे उत्तर चार शब्दांचे होते. आमचे संपेपर्यंत पूजेचा मुहूर्त टळत आला.